शाळेत न बसलेला आवाज तबकडीवर बसला!

कोलकात्याला निघालेलं विमान उतरतं ते डमडमला. याच डमडममध्ये १९२८ साली ग्रामोफोन कंपनीचा तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. नाट्यगीत असो की भावगीत, भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या तबकड्या महाराष्ट्रातल्या घराघरांत गेल्या, त्या इथूनच. याच कोलकात्यात जॅझ, पॉप आणि साडी यांची मोट बांधून एक मुंबईची मुलगी राणीसारखी वावरली. तिचं नाव उषा उथुप. डमडमच्या आणि त्यांच्या आयुष्यातल्या या काही खमंग गोष्टी.

आधी गोळी, मग गाणी
जगाला ‘डमडम’ हे नाव आधी कळलं ते बंदुकीच्या गोळीमुळे. शरीरात शिरल्यावर फुलणारी ती गोळी १८९०च्या दशकात इथल्या शस्त्रागारात तयार झाली. अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर १८९९च्या हेग परिषदेत बंदी आली. पुढे तीसच वर्षांत हे गाव गाण्यांच्या तबकड्यांचं गाव झालं. एखाद्या गावाचं नशीब इतकं सुरेल पालटावं, हे फारच छान!

भायखळ्याची लेक
उषाताईंचा जन्म नोव्हेंबर १९४७चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीन महिन्यांच्या आतला. घर तमिळ, गाव मुंबई, वडील पोलीस खात्यात. घरात पाश्चात्त्य संगीत वाजायचं, तसेच बडे गुलाम अली खाँ आणि किशोरी आमोणकरही ऐकले जायचे. बहिणीही गाणाऱ्या. ‘बॉम्बे मेरी है’ हे गाणं गाजवणाऱ्या उमा पोचा या त्यांच्या थोरल्या बहीण.

गाण्याच्या तासाला ‘नको’
भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत त्यांना गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. कारण काय, तर हा जाड, खालच्या पट्टीतला आवाज बाकीच्या मुलींच्या आवाजात मिसळत नाही! पण गाण्याच्या शिक्षकांना या मुलीच्या अंगातली लय दिसली होती, म्हणून त्यांनी तिच्या हाती ट्रँगलसारखी तालाची वाद्यं दिली. लहानपणीच रेडिओ सिलोनवर गाण्याची संधीही मिळाली, आणि ती देणारे होते साक्षात अमीन सायानी.

नाइटक्लबमध्ये कांजीवरम
१९६९ साली चेन्नईच्या माउंट रोडवरच्या ‘नाइन जेम्स’ क्लबमध्ये त्या पहिल्यांदा गायल्या. क्लबची गायिका म्हणजे चमचमता गाऊन असा तेव्हाचा रिवाज. उषाताई उभ्या राहिल्या त्या साडी नेसून! गाणं इतकं आवडलं की मालकांनी त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं. मग मुंबईचं ‘टॉक ऑफ द टाउन’, आणि तिथून थेट कोलकाता.

पार्क स्ट्रीटची जादू
तेव्हाच्या पार्क स्ट्रीटवर संध्याकाळ झाली की दारादारांतून जॅझ ऐकू यायचं. ‘ब्लू फॉक्स’मध्ये पॅम क्रेन गायच्या. लुई बँक्सचा पियानो आणि आपल्या गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसचा सॅक्सोफोन ऐकायला गर्दी लोटायची. त्याच रस्त्यावरच्या ‘ट्रिंकाज’मध्ये उषाताई गाऊ लागल्या. पेगी ली यांनी जगभर पोचवलेलं ‘फीवर’ त्यांच्या खर्जात ऐकावं, म्हणजे शाळेने काय नाकारलं होतं ते कळतं. जॅझला गुळगुळीत आवाज लागत नाही, स्वतःचा आवाज लागतो. पुढे जोडीदार झालेले जानी चाको उथुपही ‘ट्रिंकाज’मध्येच भेटले. त्यांच्याशी लग्न होण्याआधीच्या तबकड्यांवर उषाताईंचं नाव ‘उषा अय्यर’ असं छापलेलं आहे.

आशाताईंच्या जोडीला
देव आनंद यांनी त्यांना दिल्लीच्या एका हॉटेलात ऐकलं आणि सिनेमाचं दार उघडलं. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये त्या आशा भोसले यांच्याबरोबर गायल्या. पुढे ‘शालीमार’ (१९७८), ‘शान’ (१९८०), ‘अरमान’ (१९८१) अशी रांगच लागली. आर. डी. बर्मन आणि बप्पी लाहिरी या दोघांनीही हा आवाज ओळखला.

स्वाहिलीतही टाळ्या
मराठीसह डझनाहून अधिक भारतीय भाषांत त्या गातात. केनियात ‘मलाइका’ हे स्वाहिली गाणं गायल्या, तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना मानद नागरिकत्व दिलं.

कपाळावर ‘क’
त्यांच्या ठसठशीत टिकलीवर बंगाली लिपीतलं ‘क’ असतं. क म्हणजे कोलकाता. सोबत गजरा, हातभर बांगड्या, कांजीवरम, आणि साडीखाली खेळाचे बूट!

चौसष्टाव्या वर्षी फिल्मफेअर
‘सात खून माफ’मधल्या ‘डार्लिंग’ गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्यासह २०१२ साली त्यांना फिल्मफेअर मिळालं. या गाण्याची चाल ‘कालिंका’ या रशियन गाण्यावर बेतलेली आहे. त्याच सिनेमात त्यांनी अभिनयही केला. २०११मध्ये पद्मश्री आणि २०२४मध्ये पद्मभूषण आलं.

शाळेतल्या त्या दिवसानंतर कुणी उषाताईंना आवाज बारीक करायला लावलं असतं, तर पार्क स्ट्रीटला त्या मिळाल्याच नसत्या. तेव्हा शाळेच्या पुढच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीचा आवाज समूहगीतात बसत नसेल, तर तिला बाजूला बसवू नका. तिला एक अख्खं गाणं द्या.