घर महाग कीं जागा महाग?

सिन्नर तालुक्याच्या दक्षिणेस व पूर्वेस अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द लागते. या हद्दीकडील नांदूर-शिंगोटे, वावी, पाथरे आदि गांवांतून एकच तक्रार ऐकूं येते, कीं सामान्य माणसास घर बांधणें परवडत नाहीं. विटा, सिमेंट व लोखंड महागलें हें खरें; परंतु आमच्या मतें दुखण्याचें मूळ भिंतींत नसून भिंतीखालच्या जागेंत आहे.

हा प्रदेश मूळचा कमी पावसाचा. बाजरी पेरावी, विड्या वळाव्या व दिवस काढावे, अशी स्थिति असतां जमिनीस गिऱ्हाईक थोडें असे. पुढें माळेगांव व मुसळगांव येथें कारखाने उभे राहिले, नाशिक-पुणें रस्ता रुंदावला, आणि 2023 च्या मे महिन्यांत समृद्धि महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा 80 किलोमीटरांचा भाग या तालुक्यांतून खुला झाला. थेट खरेदीनें जमीन देणाऱ्यांस ग्रामीण भागांत सरकारी दराच्या पांचपटीपर्यंत मोबदला ठरला होता. ज्यांच्या हातीं रक्कम आली ते शेजारच्या गांवीं जमीन शोधूं लागले. कारखान्यांतील नोकरदारही त्याच बाजारांत उतरले. घेणारे वाढले, पण जुनें गांवठाण होतें तेवढेंच राहिलें. मग भाव चढला यांत नवल तें काय? मजुराची मजुरी मात्र त्या वेगानें चढली नाहीं.

सरकारी मदतही जागेपाशींच अडते. 2016 सालीं प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हां सपाट प्रदेशांतील घरास 1,20,000 रुपये ठरले. ते बांधकामासाठीं, जागेसाठीं नव्हेत. भूमिहीनांकरितां पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मर्यादा आरंभीं 50,000 रुपये होती व ती पुढें वाढविण्यांत आली.

या अडचणींतूनच गुंठ्याचा सौदा जन्मास येतो. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शेतांत फक्कीच्या रेघा ओढावयाच्या, निम्म्या भावाची लालूच दाखवावयाची आणि मुद्रांकावर चार ओळी लिहून द्यावयाच्या, ही त्याची रीत. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे कागद पुष्कळ पाहिले. विड्या वळून जमविलेली सारी पुंजी देऊन बसलेली एक बाई आमच्या मेजापाशीं आली होती. जमीनमालक वारला होता व मुलगे व्यवहार नाकारीत होते. तिचें नांव सातबाऱ्यावर कां लागत नाहीं, हें सांगतांना आम्हांस शब्द सुचेनात.

कारण उघड आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानें ठराविक क्षेत्राहून लहान शेततुकड्याच्या विक्रीस बंधन घातलें. 2023 सालीं हें क्षेत्र जिराईतास 20 व बागाईतास 10 गुंठे ठरलें. 2025 सालीं कांहीं निवासी क्षेत्रांस सवलत मिळाली. आपली जागा त्या सवलतींत बसते कीं नाहीं, हें विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे, तहसील कचेरींतून लेखी समजून घ्यावें.

पैसे देण्यापूर्वीं सातबारा व फेरफार वाचून घ्यावे, मोजणीचा नकाशा व जाण्यायेण्याचा रस्ता पाहावा, आणि नोंदणीकृत खरेदीखताशिवाय रक्कम पुरी करूं नये. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गांवठाणांतील घरांसाठीं 2020 सालीं स्वामित्व योजना सुरू झाली. तींत ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. ती हातीं असल्यास त्या घरावर कर्ज मागणें सुलभ होतें.

शेतकरी बंधूंसही एक विनंती आहे. गांवालगतचें शेत विकण्यापूर्वीं मुलांच्या घरापुरती जागा राखून ठेवावी. विकतांना भाव आपण सांगतों. तीच जमीन परत घेतांना तो दुसरा सांगतो.