पान मांडताना (भाग १४) : आकडा ठरवेल तो रंग

मागच्या भागात कोष्टकातल्या रेघा कमी केल्या. रेघा गेल्यावर कोष्टक मोकळं दिसतं खरं, पण आकड्यांची गर्दी तिथेच राहते. या वेळी त्या आकड्यांना रंग देऊ. घरात जो आकडा असेल त्यानुसार घराची पार्श्वभूमी आपोआप रंगली पाहिजे, हातानं एकही घर रंगवायचं नाही, एवढीच अट. एक्सेल वापरणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. २००७ च्या आवृत्तीपासून तिथे ही सोय माउसच्या दोन टिचक्यांवर आहे. आपण ती लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत करणार आहोत. तिथे प्रत्येक पायरी स्वतः लिहावी लागते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर विचारही करावा लागतो.

उदाहरण पावसाचं घेऊ. भारतीय हवामान विभाग देशाचे ३६ हवामान उपविभाग मानतो. त्यांतले चार आपल्याकडचे : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. चार ओळी, जून ते सप्टेंबर असे चार रकाने, एकूण सोळा घरं. प्रत्येक घरात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पडला तो आकडा.

मिलिमीटर का नाही? महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरला सहा-सातशे. दोन्ही एकाच पट्टीवर रंगवले तर महाबळेश्वर गडद निळं आणि बाकी सगळी गावं जवळजवळ पांढरी दिसतील. कोष्टकातली एक अवाढव्य संख्या उरलेल्या सगळ्यांचा रंग खाऊन टाकते. म्हणून रंग देण्याआधी आकडे एकमेकांशी तोलता येतील असे करून घ्यावे लागतात. हवामान विभागाची टक्केवारी नेमकं तेच करते. कोकणाची तुलना कोकणाच्या सरासरीशी, मराठवाड्याची मराठवाड्याच्या.

वर्गही विभागानेच ठरवून दिलेत. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरीइतका पाऊस. २० ते ५९ जास्त, ६० आणि त्यापुढे खूप जास्त. खालच्या बाजूला उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट, उणे ६० ते उणे ९९ म्हणजे मोठी तूट, आणि उणे १०० म्हणजे पाऊसच नाही. माहितीच न आलेल्या जागेसाठी आणखी एक वर्ग आहे, त्याचं महत्त्व पुढे येईल. या वर्गांना ठरलेले रंग आहेत. खूप जास्तीला गडद निळा, जास्तीला फिका निळा, सरासरीला हिरवा, तुटीला लाल आणि मोठ्या तुटीला पिवळा.

लाल संकट आणि पिवळं त्याहून मोठं संकट, हा क्रम मला कधीच पटलेला नाही. त्यात भर म्हणजे याच विभागाच्या इशाऱ्यांत पिवळा सौम्य असतो, त्यापुढे नारिंगी आणि सर्वांत शेवटी लाल. बातम्यांत 'यलो अलर्ट' ऐकणारा माणूस पावसाच्या नकाशावर पिवळा जिल्हा पाहून निर्धास्त होईल, आणि तिथे तर पेरणी करपलेली असेल. आपल्या कोष्टकात मी वर्ग विभागाचेच ठेवतो, रंग मात्र बदलतो : मधे अगदी फिका राखाडी, जास्तीकडे जाताना निळा गडद होत जाणारा, तुटीकडे जाताना तपकिरी गडद होत जाणारा.

आता यंत्राकडे. लाटेक ज्यावर उभं आहे त्या डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकला रंग हा प्रकारच ठाऊक नाही. अक्षरांच्या पेट्या एकमेकींशेजारी कशा बसवायच्या एवढंच तो जाणतो. रंगाची सूचना तो न वाचता पुढच्या प्रोग्रामकडे सरकवतो. कोष्टकाच्या घरामागे रंगीत आयत घालण्याचं काम डेव्हिड कार्लाइल यांचं कलरटीबीएल हे पॅकेज करतं, आणि रंग मिसळण्याचं काम उवे केर्न यांचं एक्सकलर. एक्सकलरमध्ये 'ब्लू!३०!व्हाइट' असं लिहिलं की तीस टक्के निळा आणि उरलेला पांढरा. मधला आकडा गणितातून आला की छटाही गणितातून येते.

अडचण एकच, पण ती मुळाची. घराला रंग द्यायचा तर तो घरातला आकडा वाचल्यावरच ठरणार. लाटेकमध्ये एखाद्या रकान्यासाठी 'प्रत्येक घराच्या आधी हे कर, नंतर ते कर' असं सांगता येतं, पण आधीच्या सूचनेच्या हाती घरातला मजकूर लागत नाही. मार्टिन शारर यांचं कॉलसेल हे पॅकेज ही फट बुजवतं. ते घरातला सगळा मजकूर गोळा करतं आणि तुम्ही लिहिलेल्या आज्ञेच्या हवाली करतं. ती आज्ञा साधी असते : आकडा उणे ५९ पेक्षा कमी असेल तर गडद तपकिरी, नाहीतर उणे १९ पेक्षा कमी असेल तर फिका तपकिरी, नाहीतर २० पेक्षा कमी असेल तर राखाडी, असं वर चढत जायचं. शेवटी आकडा छापायचा. कोष्टकात एरवी काहीच बदलत नाही. आकडे भरायचे आणि रंग आपसूक येतात. पुढच्या वर्षी आकडे बदलले तरी आज्ञा तीच.

पण शीर्षकाच्या ओळीतही त्याच रकान्याचं घर असतं, आणि तिथे 'जुलै' लिहिलेलं असतं. 'जुलै' उणे ५९ पेक्षा कमी आहे का, असं टेकला विचारलं की तो तक्रार करतो. तक्रारीचे शब्द नीट वाचण्यासारखे असतात : संख्या सापडली नाही, शून्य धरली. शीर्षकाच्या घरांना मल्टिकॉलमच्या आज्ञेत एका रकान्याचं म्हणून गुंडाळलं की ती या नियमातून सुटतात. हा उपाय सगळे करतात.

त्याच तक्रारीचा दुसरा अर्थ मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतो. समजा मराठवाड्याचा सप्टेंबरचा आकडा अजून आला नाही म्हणून ते घर रिकामं सोडलं. टेक शून्य धरतो. शून्य टक्के फरक म्हणजे सरासरीइतका पाऊस. टेक काम सोडून देत नाही, पीडीएफ तयार होते, आणि ज्या जागेची माहितीच नाही ते घर 'सगळं ठीक' या रंगात छापून येतं. आत आकडा नाही म्हणून संपादकाचा डोळाही तिथे अडत नाही. लाटेक चालवणारी अनेक साधनं चुकांची यादी एका कोपऱ्यात ठेवून पान दाखवून मोकळी होतात, ते निराळंच. म्हणून आज्ञेतला पहिला प्रश्न 'घर रिकामं आहे का?' हाच असावा, आणि रिकाम्या घराला रंग न देता एक आडवी रेघ छापावी. पाऊस सरासरीइतका पडला आणि पावसाची नोंद आली नाही, या दोन गोष्टी कोष्टकात एकसारख्या दिसणं म्हणजे खोटं छापणं.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक खड्डा लागतो. झीटेक किंवा लुआटेक या टेकच्या नव्या रूपांत देवनागरी सुरेख छापते, पण गणितासाठी टेक फक्त इंग्रजी अंक ओळखतो. '४५' त्याच्या दृष्टीने दोन अक्षरं आहेत, 'कख' सारखी. मूळ फाइलमध्ये इंग्रजी अंक लिहा, तुलना होऊ द्या आणि छापायच्या क्षणी त्यांचं देवनागरीत रूपांतर करा. मराठीसाठीच्या भाषा-पॅकेजांत ती सोय आहे. उणे चिन्हाचंही तसंच. दुसऱ्या प्रोग्राममधून चिकटवलेल्या आकड्यांत कधी लांब, देखणं उणे चिन्ह येतं. टेकला साधी कीबोर्डवरची आडवी रेघ लागते. हजाराचा स्वल्पविराम काढा. आणि टक्क्याचं चिन्ह घरात अजिबात लिहू नका, कारण टेकमध्ये त्या चिन्हापुढची उरलेली ओळ टिपणी समजून सोडून दिली जाते. पहिल्याच घरात ते चिन्ह टाकलंत तर त्या ओळीतले पुढचे तीन महिने नाहीसे होतात. टक्केवारी आहे हे शीर्षकात एकदा सांगितलं की पुरे.

दशांशाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. टेकची मूळची तुलना पूर्णांकांची. दशांश हवा असेल तर आकड्यापुढे पॉइंट हे लांबीचं माप जोडून लांबींची तुलना करायची जुनी युक्ती आहे. ती १६,३८४ च्या आत चालते. हल्लीच्या लाटेकमध्ये दशांशाचं गणित थेटही करता येतं. पण मग १९.६ चं काय करायचं? छापताना तो २० दिसेल, रंग मात्र सरासरीचा मिळेल, आणि शेजारच्याच घरातला खराखुरा २० निळा असेल. वाचक म्हणेल, चूक झाली. त्याचं बरोबर आहे. आधी आकडा पूर्णांकात आणा, मग रंग ठरवा. वाचकाला जो आकडा दिसतो त्यावरूनच रंग आला पाहिजे.

पायऱ्या सोडून सलग चढत जाणारी छटा द्यावी का, असं काही जण विचारतील. सूत्र सोपं आहे : आकड्यातून लहानात लहान संख्या वजा करा, सर्वांत मोठ्या आणि लहान संख्येतल्या फरकाने भागा, शंभराने गुणा, आणि ते एक्सकलरला द्या. पडद्यावर ते छान दिसतं. छापील पानासाठी मी पायऱ्याच निवडेन. पॅरिसच्या गोबेलँ रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्हरूल यांच्याकडे काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशा तक्रारी येत. त्यांनी शोधलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे डोळा फसत होता. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १८३९ चा. कोष्टकातली घरं तर एकमेकांना चिकटूनच असतात. गडद घराशेजारची मध्यम छटा फिकी दिसते, फिक्या घराशेजारी तीच गडद. सलग छटेतून वाचक आकडा परत ओळखू शकत नाही. पाच-सहा पायऱ्या मात्र तो नीट वेगळ्या करतो.

लाल-हिरव्याची जोडी टाळण्याचं कारण वेगळं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारापैकी साधारण एकाला हे दोन रंग नीट वेगळे करता येत नाहीत. बाकीचे वाचकही अंक झेरॉक्समध्ये वाचतात तेव्हा त्याच पंगतीत बसतात, कारण लाल आणि हिरवा बहुतेकदा एकाच राखाडीत उतरतात. अमेरिकेतल्या नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रुअर यांनी कलरब्रुअर नावाने रंगसंचांची मोठी यादी केली आहे. आपल्या निळ्या-तपकिरीच्या जवळची, तपकिरी आणि निळसर हिरव्याची जोडी तिथे सापडेल. पण या जोडीचंही झेरॉक्समध्ये एक लंगडेपण राहतं. दोन्ही टोकं गडद होतात, म्हणजे पूर आणि दुष्काळ एकसारखे दिसतात. तिथे उणे चिन्ह आणि आकडाच कामाला येतो, म्हणून घरातला आकडा काढून नुसता रंग ठेवायचा मोह आवरा.

गडद घरातला काळा आकडा वाचता येत नाही, तेव्हा रंग ठरवणाऱ्या त्याच आज्ञेत अक्षर पांढरं करायची सूचनाही हवी. वेबसाठीच्या प्रचलित निकषांत साध्या मजकुराला निदान साडेचारास एक इतका उजेडातला फरक मागितला आहे. छपाईत त्याहून थोडा जास्तच ठेवा. गडद रंगावर पोकळ सोडलेले बारीक अंक शाई पसरली की बुजतात. म्हणून मी गडद टोक फार गडद करतच नाही.

रेघांचं एक राहिलं. कलरटीबीएलमध्ये पुढच्या ओळीचा रंग आधी काढलेल्या रेघेवर चढतो आणि रेघ अर्धवट गायब होते. मागच्या भागातल्या बुकटॅब्स पॅकेजच्या रेघा वापरल्या तर उलट होतं, रेघेच्या वर-खाली पांढऱ्या फटी राहतात. फ्रान्सुआ पांतिन्यी यांचं नाइसमॅट्रिक्स हे पॅकेज सगळे रंग आधी पसरून त्यावर रेघा आणि आकडे ठेवतं, त्यामुळे पहिली भानगड मिटते. फाइल मात्र दोनदा चालवावी लागते. रंगीत कोष्टक एखाद्या पुस्तकात एकदाच येणार असेल तर कलरटीबीएल पुरे. अहवालात दर महिन्याला येणार असेल तर नाइसमॅट्रिक्स शिकून घ्या.

छापायला देण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर करा. एका घरातला आकडा मुद्दाम पुसून पाहा, ते कोणत्या रंगात येतं ते. आणि पान एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. पुढच्या आठवड्यात एका पानात न मावणाऱ्या कोष्टकांकडे वळू.