रोग पखालीला, औषध रेड्याला

आजोबांनी १९८६ साली घेतलेली पांढरी अॅम्बॅसेडर आमच्या घरी अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात गोव्याहून बेळगावला परतताना चोर्ला घाटात तिच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली. एका गॅरेजात पाण्याचा पंप बदलला, मग थर्मोस्टॅट बदलला. तरी गाडी घाटात तापायची ती तापलीच. शेवटी निकाल मिळाला, "इंजिन खोलावे लागेल." बाबांनी माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांना हात घालायचे ठरवले. त्याआधी एकदा दाखवावी म्हणून मी गाडी एका वयस्कर कानडी मेस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "तम्मा, मोदलु नोडबेकु, आमेले बिच्चबेकु." आधी पाहायचे, मग खोलायचे!

आम्हा कॉमर्सवाल्यांना हा विषय जमाखर्चासारखा समजतो. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सासुद्धा चाकांपर्यंत पोहोचत नाही. बरीचशी धुराबरोबर जाते आणि उरलेली मोठी रक्कम पाण्याला रेडिएटरमार्फत वाऱ्यावर सोडावी लागते. जमेपेक्षा खर्च कमी पडला की शिल्लक वाढते. ही शिल्लक म्हणजेच इंजिनाचा ताप.

मेस्त्रींचा पहिला प्रश्न होता, "गाडी कुठे तापते?" बाजारात उभी असताना तापली आणि मोकळ्या रस्त्यावर निवली, तर वारा कमी पडतो, पंखा आणि फॅनबेल्ट पाहावा. चढावर किंवा वेगात तापली, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. आमची गाडी बाजारात शांत, घाटात लालबुंद.

मग त्यांनी गाडी थंड असताना रेडिएटरचे टोपण काढले. (गरम गाडीचे टोपण कधीही काढू नये, उकळते पाणी तोंडावर उडते.) हे टोपण प्रेशर कुकरसारखे काम करते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने उघडे पाणी इथे ९७-९८ अंशांनाच उकळते. टोपणाच्या दाबामुळे ही मर्यादा वर जाते. त्याचे रबर गेले, तर धडधाकट गाडीही लवकर उकळते. आमचे रबर चांगले होते.

इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे आले किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तसे काही नव्हते. इंजिन तापूनही वरचा होजपाइप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला असे समजावे. आमचा पाइप वेळेवर गरम झाला.

शेवटी इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला व माझाही हात तिथे ठेवला. कडा गरम, पण मधला मोठा पट्टा गार! तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. वरची टाकी सोडवली तेव्हा नळ्यांच्या तोंडांशी पांढरा क्षार दगडासारखा बसलेला दिसला.

हा क्षार आला कुठून? आमच्याच अंगणातल्या बोअरवेलमधून! रोज सकाळी बादलीभर पाण्यातून गाडीत तांब्याभर ओतणारा मीच होतो. म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आम्ही ती उलटी केली होती: रोग पखालीला आणि औषध चालले होते रेड्याला.

नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढला, टाकी पुन्हा डाखली, मऊ पाण्यात कूलंट मिसळून भरले. इंजिन खोलण्याच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ आला. माझी फी वेळेवर भरली गेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा चोर्ला घाट चढलो. काटा मध्यावरच राहिला.

ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी सारी खातेवही फाडत नाही. एकेक नोंद ताडून पाहतो. वर्गात तीन वर्षे ऐकलेली ही गोष्ट मला पटली ती मात्र मेस्त्रींच्या कानडीतून.