हरवलेलं डोरलं, पुरलेला हंडा आणि धातू शोधणारं यंत्र

आज आम्ही कळव्यातून बोलतोय. आमच्याकडे खाडीवर गणपती विसर्जनाला गर्दी होते. त्या धक्काबुक्कीत कुणाची अंगठी निसटते, कुणाची साखळी तुटते. तुमच्याकडे भाताच्या लावणीत हेच होतं. वाकून वाकून दोरा झिजतो आणि डोरलं चिखलात जातं. बाईच्या अंगावरचं सोनं ही तिची अडीनडीची ठेव. ती गेली की घरात बोलणी खायची, ती वेगळीच.

बचत गटाच्या एका बैठकीत आम्हाला दोन प्रश्न आले. एकीने विचारलं, "ताई, स्टेशनात अंगावरून फिरवतात तसलं यंत्र गटाने घेतलं तर?" दुसरी हळूच म्हणाली, "आमच्याकडे एक माणूस आला होता. म्हणाला, शेताखाली हंडा आहे, मशीन दाखवतंय. काढायचे पैसे आधी द्या." दोघींचं उत्तर एकच आहे. हे यंत्र काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, ते नीट समजून घ्यायचं.

विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच काहीसं हे यंत्र करतं. दांड्याच्या तळाशी चकती असते आणि तिच्यात तारेचं वेटोळं. त्यातून सतत बदलणारी वीज खेळते, म्हणून भोवती चुंबकीय प्रभाव तयार होतो. तो धातूवर पडला की धातूतही बारीक वीज फिरू लागते आणि तिचा प्रतिसाद चकतीकडे परत येतो. यंत्र वाजतं ते त्यामुळे.

पण ही हाक जवळ असलेल्या कुठल्याही धातूला ऐकू जाते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात बंदुकीची गोळी अडकली होती. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन ती शोधायला गेले. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असं सांगतात. म्हणून शोधायला बसताना हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. काचेच्या चालतील. मोबाइल आणि खुरपंही लांब ठेवा.

परदेशात हौस म्हणून नाणी-दागिने शोधणारे पुष्कळ लोक आहेत. नव्या यंत्रात त्यांना ज्या सोयी हव्या असतात, त्यातल्या काही आपल्याही कामाच्या आहेत.

पहिली सोय वजनाची. तासभर एका हाताने हलवायचं तर यंत्र हलकं हवं. घडी होऊन पिशवीत मावलं तर एसटीतही नेता येतं. दुसरी चार्जिंगची. पूर्वी सेल बदलत बसावं लागे. आता बरीच यंत्रं मोबाइलसारखी चार्ज होतात. तिसरी पाण्याची. नुसती चकती भिजली तर चालते की पडद्याचा डबाही, हे घेताना विचारा. लावणीच्या शेतात हा फरक महाग पडतो. चौथी, बिनतारी हेडफोन आणि थरथर. आवाज कानातच राहिला तर भोवती बघे जमत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या आजीला दांड्याची थरथर हातालाच कळते.

सगळ्यात मोठी सोय पडद्यावरच्या आकड्याची. लोखंडाचा प्रतिसाद वेगळा, तांब्या-चांदीचा वेगळा. त्यावरून यंत्र आकडा दाखवतं आणि नको तो धातू गप्प करता येतो. म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा नको. पण मैत्रिणींनो, फसगत होते ती इथेच. सोन्याचा म्हणून स्वतंत्र आकडा नसतो. लहान सोन्याचा आकडा बहुतेक वेळा औषधाच्या गोळ्यांवरच्या चंदेरी पन्नीच्या आसपास येतो. कचरा नको म्हणून पन्नी गप्प केली की डोरलंही गप्प होतं. बारीक साखळी तर यंत्राला अवघड जाते, कारण तिला एकेक कडी सुटी दिसते. वाटी किंवा पदक असेल तर ते आधी सापडतं.

मातीही त्रास देते. कोकणातल्या तांबड्या जांभ्यात आणि घाटावरच्या काळ्या कातळात लोखंडाचा अंश असतो. आमच्या खाडीचं खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. अशा जागी यंत्र उगाच वाजतं. म्हणून त्याला जमिनीशी जुळवून घेण्याची सोय हवी. खाऱ्या चिखलात एकाच वेळी अनेक लहरींवर चालणारं यंत्र बरं पडतं. शोधताना दोरी लावून पट्टे पाडा, चकती जमिनीलगत ठेवा आणि सावकाश फिरवा.

आता हंड्याचं. नाण्याएवढी वस्तू ही यंत्रं वीतभर, फार तर फूटभर खोल दाखवतात. वस्तू मोठी असेल तर आणखी थोडं खाली. वीस फुटांवरचं सोनं दाखवणारं हातातलं यंत्र नाही. कुणी दांड्यावर हलणारी तार दाखवली तर आणखी सावध व्हा. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज माणसाने तसलीच वस्तू बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची कैद झाली.

यावर एक घरगुती परीक्षा आहे. अंगणात वीतभर खोलीवर एक खिळा, एक नाणं आणि एक चांदीचं जोडवं तीन ठिकाणी पुरा. माती सारखी करा, मग त्या माणसाला बोलवा. म्हणा, "भाऊ, कुठे काय आहे ते आधी सांगा, मग हंड्याचं बोलू." हंडा दाखवायला त्याने स्वतःच आधी पितळी भांडं पुरून ठेवलेलं असू शकतं, हेही विसरू नका.

मार्च २०२५ मध्ये एका चित्रपटानंतर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगड किल्ल्याच्या आसपास, लोक रात्री बॅटऱ्या आणि अशी यंत्रं घेऊन शेतं उकरत होते. जळगावला लागून असलेला हा मुलूख. शेत ज्याचं, त्याला खड्डे बुजवत बसावं लागतं.

कायदाही लक्षात ठेवा. स्वतःचं हरवलेलं डोरलं शोधायला कुणाची ना नाही. पण जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मालक निघाला नाही तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळतो. आपसात काही ठरलेलं नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. किल्ल्यावर, संरक्षित स्मारकात यंत्र घेऊन जाऊच नका. आणि गुप्तधनासाठी कुणी अघोरी पूजा, बळी सांगू लागला तर थेट पोलिसांत जा. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

मग गटाने यंत्र घ्यावं का? चार-पाच गटांनी मिळून एक घेतलं आणि लावणीत, जत्रेत हरवलेलं शोधायला वापरलं तर त्याचा उपयोग आहे. हंड्यासाठी मात्र गटाचा एक रुपयाही काढू नका. आणि त्याआधी आजच एक काम करा. गळ्यातला दोरा हातात घेऊन बघा. झिजला असेल तर लावणीआधीच पटवून घ्या.