महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री

महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री हे महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळातील मुख्यमंत्र्यांच्या खालोखालचे पद मानले जाते. भारतीय राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही. ते राजकीय संकेतातून निर्माण झाले असून आघाडी सरकारांतील सत्तावाटपाशी त्याचा निकटचा संबंध आहे. राज्याच्या स्थापनेनंतर सुमारे अठरा वर्षे हे पद अस्तित्वात नव्हते. नाशिकराव तिरपुडे हे १९७८ मध्ये राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले.

घटनात्मक स्थान

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ मध्ये मुख्यमंत्री ज्याचे प्रमुख आहेत अशा मंत्रिपरिषदेची तरतूद आहे. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नियुक्ती करतात. उपमुख्यमंत्री हे या 'इतर मंत्र्यां'पैकीच एक असतात. तिसऱ्या अनुसूचीत मंत्रिपदाच्या शपथेचा नमुना आहे, पण उपमुख्यमंत्र्यासाठी वेगळा नमुना नाही. देवीलाल यांनी १९८९ मध्ये 'उपपंतप्रधान' असा उल्लेख करून घेतलेल्या शपथेला आव्हान देण्यात आले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द केवळ वर्णनात्मक असल्याचे आणि ते इतर मंत्र्यांप्रमाणेच मंत्री असल्याचे १९९० मध्ये स्पष्ट केले. राज्यांतील उपमुख्यमंत्र्यांच्या नियुक्त्यांविरुद्धची जनहित याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळली.

यामुळे मुख्यमंत्रिपद रिक्त झाल्यास ते उपमुख्यमंत्र्यांकडे आपोआप जात नाही. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असताना निधन झाले, तेव्हा राज्यात उपमुख्यमंत्री नव्हते. मंत्रिमंडळातील बाळासाहेब (प. कृ.) सावंत यांनी काही दिवस कार्यभार सांभाळला आणि त्यानंतर वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तसेच मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिल्यास संपूर्ण मंत्रिमंडळ संपुष्टात येते व उपमुख्यमंत्र्यांचे पदही त्याबरोबर जाते. नावातील साम्यामुळे 'उपमंत्री' व 'उपमुख्यमंत्री' यांत गल्लत होऊ शकते. उपमंत्री हा मंत्रिपरिषदेतील कनिष्ठ दर्जा आहे, तर उपमुख्यमंत्री कॅबिनेट मंत्री असतात.

इतिहास

पदाची निर्मिती (१९७८–१९८५)

१९६० पासून १९७८ पर्यंत राज्यात काँग्रेसची एकपक्षीय सरकारे होती. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. कोणालाही बहुमत नसल्याने दोन्ही काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन सरकार बनवले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे विदर्भातील नेते तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. दोन्ही गटांतील तणावामुळे हे सरकार काही महिन्यांतच कोसळले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केले. त्यात सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये हे सरकार बरखास्त करण्यात आले.

फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा रामराव आदिक यांच्याकडे हे पद देण्यात आले. सरकार एकाच पक्षाचे असताना हे पद निर्माण केल्याचे हे ठळक उदाहरण आहे. त्यानंतर १९९५ पर्यंतच्या काँग्रेस सरकारांत हे पद नव्हते.

आघाडी व युती सरकारे (१९९५–२०१४)

१९९५ मध्ये शिवसेनेला ७३ व भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या. शिवसेनेकडे मुख्यमंत्रिपद आणि भाजपकडे उपमुख्यमंत्रिपद अशी वाटणी होऊन गोपीनाथ मुंडे यांनी गृहखात्यासह हे पद स्वीकारले. १९९९ मध्ये मनोहर जोशी यांच्या जागी नारायण राणे मुख्यमंत्री झाले, तरी मुंडे कायम राहिले.

१९९९ पासून काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या आघाडीत हे पद राष्ट्रवादीकडे राहिले. छगन भुजबळ (१९९९–२००३), विजयसिंह मोहिते पाटील (२००३–२००४) आणि आर. आर. पाटील (२००४–२००८) यांनी ते भूषवले. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या होत्या. तरीही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला व भुजबळ पुन्हा या पदावर आले. नोव्हेंबर २०१० मध्ये काँग्रेसने मुख्यमंत्री बदलला, त्याच वेळी राष्ट्रवादीने भुजबळ यांच्या जागी अजित पवार यांची निवड केली. सिंचन प्रकल्पांतील कथित गैरव्यवहारांच्या आरोपांनंतर पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला; डिसेंबरमध्ये ते मंत्रिमंडळात परतले. मुख्यमंत्री औपचारिक शिफारस करीत असले, तरी या पदावरील व्यक्ती सहकारी पक्ष ठरवतो, हा संकेत या काळात दृढ झाला.

२०१४ नंतर

२०१४ ते २०१९ या काळातील देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारात उपमुख्यमंत्री नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये शिवसेना सरकारात सामील झाली, तेव्हाही तिला हे पद मिळाले नाही. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी अजित पवार यांनी फडणवीस यांच्यासमवेत शपथ घेतली, परंतु ते सरकार २६ नोव्हेंबरला संपुष्टात आले. ३० डिसेंबर २०१९ रोजी पवार उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

३० जून २०२२ रोजी शिवसेनेतील बंडानंतर एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. १०५ जागा जिंकणाऱ्या भाजपचे नेते व माजी मुख्यमंत्री फडणवीस यांनी उपमुख्यमंत्रिपद स्वीकारले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार सरकारात सामील झाले आणि राज्यात प्रथमच एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री झाले. २०२४ च्या निवडणुकीनंतर ही रचना कायम ठेवण्यात आली. ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीस मुख्यमंत्री झाले, तर शिंदे व पवार यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. पवार यांची या पदाची ही सहावी शपथ होती.

अधिकार व खाती

उपमुख्यमंत्रिपदाला स्वतंत्र वैधानिक अधिकार नाहीत. अनुच्छेद १६६ खालील नियमांनुसार मंत्र्यांमध्ये कामकाजाचे वाटप होते. म्हणून या पदाचे प्रत्यक्ष वजन त्यासोबत मिळणारी खाती आणि विधानसभेतील पक्षाचे संख्याबळ यांवर अवलंबून असते. मुंडे, १९९९ मधील भुजबळ आणि आर. आर. पाटील यांच्याकडे गृहखाते होते. अजित पवार यांच्याकडे बहुतांश वेळा वित्त व नियोजन ही खाती होती. २०२२ मध्ये फडणवीस यांच्याकडे गृह व वित्त ही दोन्ही खाती आली, तर २०२४ मध्ये मुख्यमंत्री या नात्याने त्यांनी गृहखाते स्वतःकडे ठेवले आणि शिंदे यांना नगरविकास व गृहनिर्माण ही खाती मिळाली. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे मंत्रिपरिषदेच्या आकारावर विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के अशी मर्यादा आली. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात ही संख्या मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. उपमुख्यमंत्रीही याच संख्येत मोजले जातात. त्यामुळे हे पद निर्माण केल्याने सहकारी पक्षाचा मान वाढतो, पण मंत्रिपदांची एकूण संख्या वाढत नाही.