वॉल्डनच्या तळ्यात गंगा

अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो काशीला कधी आला नव्हता. हिंदुस्थानातच आला नव्हता. एका वाचकाच्या शंकेचे उत्तर एवढेच. पण काशी मात्र त्याच्याकडे गेली होती, आणि त्या प्रवासाची हकिगत अशी आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला चार्ल्स विल्किन्स काशीत काशीनाथ पंडितांकडे संस्कृत शिकला. तो महाभारताचे भाषांतर करत होता. त्यातला गीतेचा भाग गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने वाचला आणि त्याची शिफारस करणारे पत्र ४ ऑक्टोबर १७८४ रोजी बनारसहूनच कंपनीच्या संचालकांच्या अध्यक्षाला धाडले. १७८५ मध्ये हे भाषांतर लंडनला छापले गेले. साठ वर्षांनी, १८४५ साली, त्याची एक प्रत अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावी तत्त्वचिंतक एमर्सनच्या हाती आली. त्याच वर्षीच्या ४ जुलैला थोरो एमर्सनच्या जमिनीवर, वॉल्डन तळ्याकाठी बांधलेल्या खोपटात राहायला गेला.

अमेरिकेचा निसर्ग इंग्लंडच्या चष्म्यातून पाहायचा नाही, हा एमर्सनचा आग्रह. थोरोने तो पाळला तो काशीचा ग्रंथ उशाशी घेऊन! तरी तो गीतेचा भाबडा भक्त नव्हता. अर्जुनाने लढावे यासाठी कृष्णाने दिलेली कारणे त्याला अपुरी वाटली, आणि १८४९ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने तसे लिहिलेही. आपल्याकडच्या कित्येक गीताभाष्यकारांना हे धाडस झाले नसते. शिवाय गीता वाचणारा हाच माणूस गोठलेल्या तळ्याला भोके पाडून, दोरीला दगड बांधून तळाचा ठाव घेत होता. सर्वांत खोल जागा १०२ फूट भरली. तत्त्वचिंतन आणि मोजमाप यांची ही जोडी इंग्रजी निसर्गकवींकडे सापडत नाही. अमेरिकी निसर्गलेखनाचे वेगळेपण आहे ते इथे.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर वॉल्डनवर आले. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फाचा व्यापार तेव्हा हिंदुस्थानापर्यंत पोचला होता. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ जहाज कलकत्त्याला लागले, तेव्हा वाटेत बराच वितळूनही सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्या तळ्याचे पाणी पितील, या कल्पनेने थोरो खूश झाला आणि तिथून थेट गीतेकडे वळला. वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळते ही त्याची कल्पना या व्यापारातून आली, ध्यानधारणेतून नव्हे.

थोरोचे ‘वॉल्डन’ हे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी टॉमस चोल्मंडली या इंग्रज मित्राने ४४ ग्रंथ पाठवले, बहुतेक हिंदुस्थानविषयीचे. त्यांच्यासाठी थोरोने नदीत वाहून आलेल्या लाकडांचे कपाट केले.

दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले आहे. गंगा भेटते ती तळ्याच्या हिवाळ्यावरील प्रकरणाच्या अखेरीस. वाचकांनी ती पाने आधी वाचावीत.