फौजदारी न्यायाचे सांधे

महाराष्ट्रात एखादा गुन्हा नोंदवला गेल्यापासून त्याचा निकाल लागेपर्यंत जी यंत्रणा हलते, तिला फौजदारी न्यायव्यवस्था असे एकच नाव असले, तरी त्या नावाखाली वेगवेगळ्या वरिष्ठांना उत्तरदायी असलेली अनेक खाती आपापले काम करीत असतात. पोलीस, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, कारागृहे आणि कनिष्ठ न्यायालयांत सरकारची बाजू मांडणारे अभियोक्ते गृह विभागाकडे येतात. सत्र न्यायालयातील सरकारी वकिलांची नेमणूक विधी व न्याय विभाग करतो. शवविच्छेदन करणारा डॉक्टर आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाचा असतो. शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या व्यक्तीवर लक्ष ठेवणारा परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा असतो. आणि न्यायाधीश यांपैकी कोणाच्याच हाताखाली नसून उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात. पोलीस आणि कारागृहे हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, तर फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्यामुळे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम या तीन कायद्यांचा मसुदा दिल्लीत ठरला, परंतु ते राबवण्याची माणसे, इमारती आणि वाहने राज्याला पुरवावी लागतात.

हे विभाजन बुद्धिपुरस्सर केलेले आहे. ज्याने पकडले त्यानेच दोषी ठरवू नये, ज्याने तपास केला त्याच्याच ताब्यात आरोपीने महिनोन्महिने राहू नये आणि खटला चालवणाऱ्याने पोलिसांचा हस्तक होऊ नये, या तीन तत्त्वांवर नागरिकाचे स्वातंत्र्य उभे आहे, आणि कामाच्या सोयीसाठी ही खाती एकत्र करण्याची कोणतीही सूचना म्हणूनच धोक्याची मानली पाहिजे. मात्र या रचनेत प्रत्येक खात्याला स्वतःच्या भिंतीआतल्या कामाचा जाब द्यावा लागतो, आणि एका खात्याकडून दुसऱ्याकडे कागद, वस्तू किंवा माणूस जातो त्या सांध्याचा जाब बहुधा कोणालाच विचारला जात नाही. खटले रखडण्याची चर्चा न्यायाधीशांच्या रिक्त जागांपाशी येऊन थांबते. तो मुद्दा खराच आहे, पण विलंबाचा फार मोठा भाग या सांध्यांमध्ये साठलेला असतो आणि त्याची नोंद कोणत्याच खात्याच्या वार्षिक अहवालात सापडत नाही.

प्रवासाचा आरंभ पोलीस ठाण्यात होतो. ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याला दखलपात्र गुन्हा म्हणतात, आणि अशा गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मात्र तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. नोंद झाली की गुन्ह्याला रजिस्टर क्रमांक मिळतो, आणि ‘गु.र.नं.’ या तीन अक्षरांपुढचा तो आकडा पंचनाम्यापासून दोषारोपपत्रापर्यंत प्रत्येक कागदाच्या माथ्यावर चढतो. तपास संपल्यावर पोलीस आरोपीविरुद्ध दोषारोपपत्र दाखल करतात किंवा गुन्हा बंद करण्याची परवानगी मागतात, आणि या दुसऱ्या वाटेसाठी जुन्या मुंबई इलाख्याची एक परिभाषा इथल्या न्यायालयांत आजही रूढ आहे: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा मिळत नाही, तेव्हा ‘अ समरी’, फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली आणि खोटी असेल तर ‘ब समरी’, आणि ती गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी वादातून आलेली असेल तर ‘क समरी’. यांपैकी कोणतीही समरी दंडाधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय अंतिम होत नाही, आणि मंजुरीपूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, म्हणजे पोलिसांनी तपास बंद करण्याचा निर्णयही दुसऱ्या खात्याच्या दारातून जातो.

या सांध्यांपैकी काहींवर कायद्याने घड्याळ बसवले आहे. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. त्यानंतर दंडाधिकारी पोलीस कोठडी देतो किंवा न्यायालयीन कोठडी. पहिलीत आरोपी तपास करणाऱ्यांच्या ताब्यात, तर दुसरीत कारागृहाच्या ताब्यात राहतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सुटकेचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. हा जामीन म्हणजे आरोपीवर केलेली मेहेरबानी नव्हे. राज्याने वेळ पाळली नाही याची ती किंमत आहे. हे घड्याळ नसते तर तपासाला मुदतच उरली नसती, हे मान्य करूनही त्याचा एक परिणाम नोंदवावा लागतो: नव्वदावा दिवस जवळ आला की हाती असेल तेवढ्या कागदांवर दोषारोपपत्र दाखल होते आणि राहिलेले पुरवणी दोषारोपपत्रातून येतील असे गृहीत धरले जाते. राहिलेल्या या कागदांत सर्वांत जास्त वेळा असतो तो प्रयोगशाळेचा अहवाल.

विषबाधेचा संशय असलेल्या मृत्यूत तो अहवाल कसा तयार होतो हे जवळून पाहण्याजोगे आहे. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करून जागेचा आणि मृतदेहाचा पंचनामा करतात, आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी रुग्णालयात जातो. डॉक्टर जठर व त्यातील द्रव्य, आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात बाटल्यांमध्ये ठेवतो, कारण फॉर्मलिनमध्ये ठेवले तर रासायनिक तपासणीत अडथळा येतो. बाटल्यांवर चिठ्ठ्या लागतात, तोंडावर लाखेचे सील बसते आणि त्याच सीलचा नमुना वेगळ्या कागदावर उमटवून सोबत दिला जातो. शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणासमोर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढेच लिहिले जाते. मग एक पोलीस शिपाई त्या बाटल्या आणि तपासी अधिकाऱ्याचे पत्र घेऊन प्रयोगशाळेत पोहोचतो. महाराष्ट्रात या प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी प्रादेशिक शाखा आहेत. तिथला कर्मचारी सील नमुन्याशी ताडून पाहतो, ते अखंड असल्याची नोंद करतो आणि तेव्हाच बाटली तपासणीच्या रांगेत लागते. पुढे जो अहवाल येतो त्याला न्यायालयाच्या आवारात ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणतात, आणि तो देणाऱ्या शास्त्रज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो.

एका बाटलीच्या या प्रवासात आरोग्य खात्याचा डॉक्टर, गृह खात्याचा शिपाई, त्याच खात्याचा शास्त्रज्ञ आणि न्यायालय असे चार हात लागतात, आणि बाटली रुग्णालयातून निघून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कुठे ठेवली होती याचे उत्तर जर शिपायाला साक्षीत देता आले नाही, तर प्रयोगशाळेतील निर्दोष कामावरही शंकेचे सावट पडते. नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची आणि कोणत्याही गुन्ह्यातील झडती व जप्तीच्या चित्रीकरणाची तरतूद केली आहे, आणि तज्ज्ञांच्या भेटीची व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांचा अवधी दिला आहे. तरतूद स्वागतार्ह आहे, परंतु अटकेनंतर तपासाला जशी साठ आणि नव्वद दिवसांची मुदत आहे तशी मुदत अहवालाला संहितेत नाही, आणि घटनास्थळावरून जितके अधिक नमुने येतील तितकी प्रयोगशाळेच्या दारातील रांग वाढेल, हा साधा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही.

पोलीस आणि न्यायालय यांच्यामध्ये उभा असतो तो अभियोक्ता, म्हणजे राज्याच्या वतीने खटला चालवणारा वकील. एके काळी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातील अभियोक्ते पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली होते. ते पोलिसांपासून पूर्णपणे अलग करून स्वतंत्र संचालकाखाली आणावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिला, आणि हा प्रश्न याच राज्यातून वर गेला होता ही गोष्ट इथल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाच वर्षांनी, २००० मध्ये, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हेही स्पष्ट केले की तपास आणि अभियोग ही दोन भिन्न कामे आहेत आणि अभियोक्त्याच्या मताप्रमाणे दोषारोपपत्र तयार करण्याची सक्ती तपासी अधिकाऱ्यावर करता येणार नाही. तत्त्व म्हणून दोन्ही निर्णय योग्यच आहेत. व्यवहारात मात्र याचा अर्थ असा झाला की पुराव्यातील उणीव ज्याला सर्वांत आधी दिसू शकते तो वकील ती भरून काढण्याचा आदेश देऊ शकत नाही, आणि ज्याला ती भरून काढता येते त्या अधिकाऱ्याची तोपर्यंत बदली झालेली असते. त्यातच गंभीर गुन्ह्यात वकीलही बदलतो. कोठडीच्या टप्प्यावर दंडाधिकाऱ्यांपुढे सहायक सरकारी अभियोक्ता उभा राहतो. खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला की वेगळ्या विभागाने नेमलेला सरकारी वकील ते कागद बहुधा प्रथमच उघडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० नुसार सात ते दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल तपासून पाहण्याचे काम अभियोग उपसंचालकाकडे आले आहे. या तरतुदीला पुरेशी माणसे मिळाली, तर तपास आणि अभियोग स्वतंत्र ठेवूनही त्यांच्यात संवाद घडू शकतो.

न्यायालयात दोषारोप निश्चित झाल्यानंतरचे यश साक्षीदारावर अवलंबून असते, आणि साक्षीदाराला न्यायालयात आणण्याचे काम न्यायालयाकडे नसून पुन्हा पोलीस ठाण्याकडे असते. प्रत्येक ठाण्याचा एक पैरवी अंमलदार समन्स घेऊन जातो आणि बजावून आल्याची किंवा न बजावल्याची नोंद परत आणतो. बंदोबस्ताच्या दिवसांत हाच अंमलदार रस्त्यावर उभा असतो, आणि मग त्या तारखेच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, ‘साक्षीदार गैरहजर’ एवढी एक ओळ वाढते. पोटाची मजुरी बुडवून गावाहून आलेला पंच तिसऱ्या वेळी साक्ष न देताच परत पाठवला गेला आणि चौथ्या वेळी फितूर झाला, तर त्याचा दोष केवळ त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

कारागृह हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा दोष अजून ठरायचा आहे असे. या माणसांना तारखेला न्यायालयात नेण्यासाठी लागणारी पोलीस पार्टी कारागृहाची नसून पोलीस मुख्यालयाची असते, त्यामुळे कारागृह अधीक्षकाची तयारी असूनही आरोपी न्यायालयात पोहोचत नाही, आणि दूरदृश्य प्रणालीवरून केवळ चेहरा दाखवून तारीख पुढे जाते. सुटकेची वाटही अशीच दुसऱ्यांच्या हातात असते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेरची जामीनपेटी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर चर्चेत आली: न्यायालयाने जामीन दिला, तरी सुटकेचा कागद ठरलेल्या वेळेपूर्वी त्या पेटीत पडला नाही तर माणूस आणखी एक रात्र आत राहत असे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाला पाठवण्याचे, आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवण्याचे निर्देश दिले. सात दिवसांचा हा उल्लेख उगाच नाही. आदेश हातात असूनही जामीनदार मिळत नाही, मिळाला तर त्याच्याकडे सातबारा किंवा तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला नसतो, आणि अशा रीतीने फौजदारी न्यायाशी काहीही संबंध नसलेले महसूल खाते एका मजुराच्या सुटकेच्या आड येऊन उभे राहते.

पोलिसांची सीसीटीएनएस, न्यायालयांची ई-कोर्ट्स, कारागृहांची ई-प्रिझन्स आणि अभियोग व प्रयोगशाळांच्या संगणक प्रणाली परस्परांशी जोडण्याच्या केंद्रीय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. एकदा भरलेली माहिती सर्वांना दिसावी हा त्याचा हेतू उत्तम आहे, आणि कागद हरवण्याची दुःखे त्याने कमी होतील. पण पार्टीसाठी शिपाई, प्रयोगशाळेसाठी शास्त्रज्ञ आणि जामिनासाठी जामीनदार संगणकातून निघत नाहीत.

सगळी खाती एका टेबलाभोवती बसतात अशी एक जागा मात्र जिल्ह्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ पासूनच्या आदेशांनी आकार घेतलेल्या न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीत प्रमुख जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव दर तीन महिन्यांनी एकत्र येतात. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश, काळ ज्यांनी खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत काढला आहे, त्यांची नावे तिथे वाचली जातात. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले आरोपी यांतून वगळलेले असतात. एकेका नावापुढे गु.र.नं., अटकेची तारीख, जामिनाचा आदेश झाला असल्यास त्याचा दिवस आणि तरीही तो आत का आहे याचा रकाना असतो, आणि त्या शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे हे या पाच अधिकाऱ्यांना एकमेकांसमोर बसून मोठ्याने वाचावे लागते.